प्रॉम्प्टरची जलपरी

एलादिओ पेद्रासा माणसं बुटांवरून ओळखायचा, आणि एकदा ओळख पटली की त्या माणसाबद्दल त्याला तीळभरही आदर उरायचा नाही.

आता त्याची बसायची जागाच तशी होती म्हणा. माद्रिदच्या खिल्गेरो थिएटरात तो एकतीस वर्षं प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, एक चौकोनी भोक. प्रेक्षकांना आतलं दिसू नये म्हणून त्यावर शिंपल्याच्या आकाराचं लाकडी झाकण. त्या भोकात छातीपर्यंत बुडून, नटांकडे तोंड करून हा बसायचा. पाठीमागे वाद्यवाले, नाकासमोर धूळ, डोक्यावर कोणा ना कोणाची थुंकी. महाराणी म्हणून आलेल्या बाईच्या झग्याखाली फाटका मोजा दिसला की हा मनात म्हणायचा, ‘वा महाराणी, तुमच्या राज्यात सुईदोरा मिळत नाही वाटतं?’

नटांनी मात्र त्याच्याशिवाय ओठ हलवून दाखवावेत! खिल्गेरोत संध्याकाळी साडेआठपासून तासातासाला एक अशी चार वेगवेगळी नाटकं व्हायची, दर तासाला नवा प्रेक्षक, दर आठवड्याला नवं नाटक. पाठ कोण करणार? भोकातून शब्द वर जायचा आणि नटाच्या तोंडातून बाहेर पडायचा, मध्ये डोक्याचा काही संबंध नाही. एकदा एलादिओच्या मांडीत पेटका आला आणि तो "आई गं!" म्हणून कळवळला, तर वर तलवार उपसून उभ्या असलेल्या सेनापतीनंही अख्ख्या सैन्यासमोर खणखणीत आवाजात "आई गं!" म्हटलं. थाप नाही ही. तिथल्या बासरीवाल्याला विचारा.

अशा लोकांत जन्म काढलेला माणूस कडू होणारच. पण एलादिओचा कडूपणा जरा जास्तच होता, आणि तो रोज दुपारी तोलेदो रस्त्यावरच्या कॉफीच्या दुकानात आम्हाला फुकट वाटायचा.

"सार्सुएला म्हणता तुम्ही ह्याला?" असं तो सुरू करायचा. "अरे, काय होती आणि काय करून ठेवलीत! राजाचा शिकारीचा बंगला होता, सार्सुएला नावाचा, काटेरी झुडपांत. पावसानं शिकार बंद पडली की राजा नट बोलवायचा. थोडं बोलायचं, थोडं गायचं. देव, देवी, जलपऱ्या! भाषा कशी, तर राजवस्त्रासारखी! त्यावरून नाव पडलं हे. पुढे इटलीचे गवई आले. शंभर वर्षं आपल्या सरदारांना आपली भाषा फक्त नोकरांना शिव्या द्यायला लागायची. मग आपल्याच संगीतकारांनी कंबर कसली, स्वतःच्या पैशानं थिएटर बांधलं. माझा बाप तिथं नकलनवीस होता. तीन अंक! तीन! माणूस जेवून यायचा तो रडून घरी जायचा. आणि मग? राणी पळाली, क्रांती झाली, लोकांचे खिसे रिकामे. कोणा चाणाक्ष दुकानदाराला सुचलं, की अख्खं नाटक परवडत नाही ना, मग तासाच्या भावानं तुकडा विका! आता काय, एक शिपाई, एक शिंपीण, एक दारुडा, दोन पोल्का नाच, की झालं नाटक! उपाहारगृहात चण्याचा रस्सा वाढतात तसं. डाव घातला, पुढचे या!"

"मग तू लिही की चांगलं," कोणीतरी डिवचायचं.

"गाढवाला गुळाची चव काय?" असं म्हणून तो कॉफी संपवायचा. पैसे बहुतेक दुसराच द्यायचा.

खरी गोष्ट ही, की तो लिहीत होता. एक अंकी नाटक, अकरा हिवाळे. बायको ओब्दुलिया लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. तिच्या इस्त्र्या तापायच्या त्या शेगडीजवळ, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर हा लिहायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर ती सदऱ्यांवर इस्त्री फिरवायची. नाटकाचं नाव ‘मान्सानारेसची जलपरी’. मान्सानारेस ही माद्रिदची नदी; नदीदेवाच्या मुलीचं एका राजपुत्रावर प्रेम बसतं, इत्यादी. अंगावर पांघरावं असं एकेक वाक्य.

ओब्दुलियानं एकदाच ऐकलं आणि इस्त्री खाली ठेवली.

"मान्सानारेसमध्ये जलपरी?"

"का?"

"अरे, उन्हाळ्यात तिथं बदकाचे पाय भिजत नाहीत. माझ्याच चादरी धुवायला घेतल्या की नदी संपते. तुझी परी बसणार कुठे? साबणाच्या बादलीत?"

"तुला काव्य कळत नाही, ओब्दुलिया. तू सदरे बघ."

"बघते हो. पण लोक हसतील."

"हसू देत! मी मूर्खांसाठी लिहीत नाही," असं म्हणून त्यानं टाक शाईत बुडवला. विषय संपला. माद्रिदमध्ये जन्मलेल्या, त्या नदीची चेष्टा ऐकतच वाढलेल्या माणसानं तिला ‘अथांग’ म्हणावं, ह्याला काव्य म्हणत असतील तर असो बापडे.

तर एका शनिवारी खिल्गेरोतलं साडेआठचं नवं नाटक लोकांनी काठ्या आपटून आपटून मारलं. आमच्याकडे पहिल्या खेळाला येणारे काही जण नाटक पाडायलाच येतात, घरून काठी घेऊन. दुसऱ्या दिवशी थिएटरचा मालक दॉन सेफेरिनो डोकं धरून बसला होता. एलादिओनं त्याच्यापुढे आपली वही ठेवली.

"हे काय?"

"एका गृहस्थांनी दिलंय. लाजरे आहेत, नाव सांगू नका म्हणाले."

"पैसे मागतात?"

"नाही."

"मग चांगलंच असणार," दॉन सेफेरिनो म्हणाला. वही उघडायचीही तसदी न घेता त्यानं ती मास्तर सुबिरीकडे पाठवली. मास्तरांनी चार दिवसांत दोन जुन्या पोल्का आणि एका धार्मिक मिरवणुकीची धून उसवून संगीत शिवून दिलं.

नाव लपवायला एलादिओला कोणती युक्ती करावी लागली नाही, रिवाजच तसा होता. नव्या नाटकाच्या जाहिरातीवर लेखकाचं नाव घालतच नाहीत. नाटक पडलं तर लेखक अंधारातून घरी जातो आणि कोणाला काही कळत नाही. आवडलं तर लोक ओरडतात, "लेखक! लेखक!" मग मुख्य नट पुढे येतो, वाकतो, लेखकाचं नाव मोठ्यानं सांगतो, आणि लेखक उजेडात येतो. म्हणजे हरलं तर हरकत नाही आणि जिंकलं तर एकदा, आयुष्यात एकदा, एलादिओ पेद्रासानं भोकातून वर यायचं आणि सगळ्यांनी त्याचे बूट बघायचे. अकरा हिवाळे त्यानं ह्याच एका गोष्टीसाठी काढले होते, आणि ते फक्त ओब्दुलियाला ठाऊक होतं.

तिनं त्याचा लग्नातला काळा कोट उसवला, पोटाशी दोन बोटं सोडून पुन्हा शिवला, इस्त्री केला आणि थिएटरात भोकाकडे उतरणाऱ्या जिन्याच्या खिळ्यावर स्वतः टांगून आली.

"नाव पुकारलं की घालायचा," ती म्हणाली. "धुळीतला सदरा घेऊन वर जाऊ नकोस. मी वरच्या गॅलरीत आहे, उजवीकडे. माझ्याकडे बघ एकदा."

मुख्य नट होता बाल्दोमेरो रिंकोन. विनोदी कामं करायचा, पोट सुटलेलं, लग्न न केलेला, आणि माद्रिदच्या निम्म्या शिंपिणींना ‘तुझ्याशीच करणार’ असं सांगून ठेवलेला. ह्याचे बूट नेहमी कोरे, आणि त्यांचे पैसे चुकते करणारी बाई दर वर्षी वेगळी. एलादिओला जगात सगळ्यांत जास्त तिटकारा ह्याचाच, कारण हा पदरची वाक्यं घालायचा. नट मंडळी त्याला मोर्सिया म्हणतात. मोर्सिया म्हणजे आतड्यात रक्त आणि कांदा कोंबून केलेलं काळं सॉसेज; आत काय भरलंय ते विचारू नये आणि खाणाऱ्यानं सांगू नये.

"काय रे म्हाताऱ्या, हे लिहिलंय कोणी?" तालमीत बाल्दोमेरोनं विचारलं. तो नदीदेव होता. "वाक्य सुरू केलं की संपेपर्यंत दाढी वाढते."

"आहेत एक गृहस्थ."

"नाव काय त्यांचं? मलाच पुकारायचंय ना."

"वेळ आली की खालून देईन. तुझ्याजवळ आधी दिलं तर उद्या सकाळी मासळीबाजारात कळेल."

"वेळ येत नाही, काळजी नको," बाल्दोमेरो म्हणाला आणि हसत निघून गेला.

पहिल्या खेळाला थिएटर भरलं. वर गॅलरीत नदीवरच्या धोबिणी, कसाई, सिगारेटच्या कारखान्यातल्या पोरी, आणि काठीवाले. जलपरीचं पहिलं गाणं लोकांनी सहन केलं, राजपुत्राचं केलं नाही. खोकला सुरू झाला. मग काठ्यांची हलकी टकटक. भोकात एलादिओला घाम फुटला, पण मनात म्हणत होता, थांबा, मूर्खांनो, नदीदेव येऊ द्या.

नदीदेव आला. हिरवी दाढी, डोक्यावर मुकुट, हातात त्रिशूळ. एलादिओनं श्वास घेतला आणि अकरा हिवाळ्यांतलं सगळ्यांत लाडकं वाक्य वर पाठवलं.

"हे माझ्या अथांग जलौघांनो," बाल्दोमेरो गरजला, "उसळा, आणि ह्या नगरीला आपल्या उदरात घ्या!"

मग गॅलरीतून एक धोबीण म्हणाली, "कुठलं पाणी रे बाबा?" आणि सगळं थिएटर फुटलं. शिट्ट्या, काठ्या, पाय! छताचा चुना पडायला लागला. एलादिओ पुढचं वाक्य देत होता, पुन्हा देत होता, ओरडून देत होता.

बाल्दोमेरोनं ते घेतलं नाही. तो थांबला. मुकुट काढून काखेत धरला, त्रिशूळ भिंतीला टेकवला, पुढे आला आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं गॅलरीला म्हणाला, "माफ करा मंडळी. वरच्या अंगाला कोणीतरी चादरी धुवायला घेतल्यात. त्या निघाल्या की सोडतो पाणी."

काठ्या हवेतच राहिल्या. हशा असा उसळला की वाद्यवाल्यांनीही वाद्यं खाली ठेवली. मग बाल्दोमेरो कसला थांबतोय! जलपरीला म्हणाला, "पोरी, बादलीतून ऊठ, पुढच्या बाईला हवीय." राजपुत्राला म्हणाला, "प्रेमासाठी बुडून मरतोस? इथं? उद्या ये, पाऊस पडला तर बघू." मूळ नाटकातलं एक वाक्य धड उरलं नाही. खाली एलादिओ वहीची पानं उलटत होता आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं. चादरींचं वाक्य आपण आधी कुठेतरी ऐकलंय, एवढं त्याला अंधुक वाटलं. कुठे, ते आठवायला सवड नव्हती.

पडदा पडला, उठला, पडला, उठला. "लेखक! लेखक!" धोबिणी बाकांवर उभ्या होत्या.

बाल्दोमेरो हिरव्या दाढीतून घाम निथळत पुढे आला, हात वर करून लोकांना शांत केलं आणि म्हणाला, "रसिकहो, ज्या नाटकाचा प्रयोग करण्याचं भाग्य आम्हाला लाभलं, त्याचं संगीत आमच्या मास्तर सुबिरींचं." टाळ्या. "आणि नाटक लिहिलं आहे..." त्याचे कोरे बूट भोकाच्या कडेशी आले. वाकून नमस्कार करायच्या मिषानं त्यानं ओठ न हलवता विचारलं, "नाव! नाव दे लवकर!"

कोट हाताच्या अंतरावर होता. उजवीकडे, अगदी वर, ओब्दुलिया दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभी असणार. एलादिओला फक्त चार अक्षरं आणि आडनाव वर पाठवायचं होतं.

पण त्याला राग आला होता. हे माझं? ह्या बादल्या, ह्या चादरी माझ्या? ह्या टाळ्यांसाठी मी वाकू? गिळ तुझी मोर्सिया तूच, डुकरा! आणि थुंकावं तसं त्यानं नाव वर पाठवलं.

"बाल्दोमेरो रिंकोन!" बाल्दोमेरो खणखणीत आवाजात म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो. त्यानं भोकात पाहिलं, थिएटरकडे पाहिलं. थिएटर वेडं झालं होतं. मग ह्या नागोबानं छातीवर हात ठेवला आणि आयत्या बिळात शिरला, म्हणजे वाकला, एकदा नाही, अकरा वेळा.

"तो गृहस्थ काय म्हणाला रे?" नंतर त्यानं एलादिओला विचारलं.

"म्हणाला, ज्याची वाक्यं त्याचं नाव."

"समजूतदार माणूस!" बाल्दोमेरो म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. एलादिओला वाटलं होतं आपण त्या माणसाच्या तोंडाला काळं फासलं. काळं वगैरे कोणाला दिसलंच नाही. ओब्दुलिया जिन्यावरून कोट घेऊन गेली. तो घरी आला तेव्हा ती शिवण पुन्हा उसवून कापड इस्त्रीखाली घालत होती, चोळीला उपयोगी पडेल म्हणून. ती एवढंच म्हणाली, "रस्सा शेगडीवर आहे."

नाटक धो धो चाललं. आणि गंमत बघा, बाल्दोमेरोला स्वतःची वाक्यंही पाठ राहिनात! चौथ्या दिवशी ऐन हशाच्या जागी भोकाच्या झाकणावर बूट आपटला, "म्हाताऱ्या, मी काय म्हणालो होतो इथं?" तेव्हापासून एलादिओनं आपली वाक्यं एका रेघेनं खोडली, वर बारीक अक्षरात चादरी आणि बादल्या लिहिल्या, आणि रोज साडेआठला अदबीनं वर पाठवू लागला.

शंभराव्या खेळानंतर रिवाजाप्रमाणे लेखकाला मेजवानी. रविवारी दुपारी, मान्सानारेसच्या काठावरच्या खानावळीत, द्राक्षवेलीच्या मांडवाखाली. लेखकानं चार शब्द बोलायचे असतात.

"तू नाटकांच्या वह्या उतरवून काढतोस, तुला थोडंफार लिहिता येत असेल ना?" बाल्दोमेरोनं एलादिओला सांगितलं. "एक भाषण खरड. आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहा, म्हणजे झालं."

एलादिओनं नाही म्हणायला हवं होतं. पण आदल्या रात्री तो टेबलाच्या आपल्या अर्ध्या भागावर बसला आणि लिहीत सुटला. ह्या वेळी देव नाही, परी नाही. जे झालं तेच लिहिलं. ऐकणाऱ्याला कान असतील तर कळेल, असं त्याच्या मनात होतं. कोणीतरी एकजण घास तोंडाशी धरून मागे वळेल आणि खुर्चीमागच्या माणसाकडे बघेल, एवढंच त्याला हवं होतं.

कोकराचं भाजलेलं मटण झालं, चिंचोनची बडीशेपेची दारू फिरली. प्रॉम्प्टरची बायको म्हणून ओब्दुलियाला मेजाच्या शेवटच्या टोकाला जागा मिळाली होती. बाल्दोमेरो उठला. एलादिओनं त्याच्या पाठीमागून पहिलं वाक्य दिलं.

"मित्रहो, हे नाटक मी अकरा हिवाळे लिहिलं," बाल्दोमेरो म्हणाला. ज्या माणसानं आयुष्यात धोब्याचा हिशोबसुद्धा लिहिला नव्हता त्याच्या तोंडी हे ऐकून लोक गालात हसले. "स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शेगडीच्या उबेला बसून." पुन्हा हशा. "टेबलाचा अर्धा भाग माझा होता. उरलेल्या अर्ध्यावर माझी बायको..."

"तुझी काय?" दॉन सेफेरिनो किंचाळला, आणि अख्खा मांडव हसून कोसळला. "कुठली रे? किती नंबरची?"

बाल्दोमेरोला वाटलं विनोद जमला. तो आणखी रंगात आला आणि मागून येईल ते उचलून फेकत राहिला. "माझी बायको लोकांचे सदरे इस्त्री करायची! तिनं माझ्यासाठी लग्नातला कोट उसवून पुन्हा शिवला! त्या कोटात तिला मला एकदा उजेडात बघायचं होतं!" मास्तर सुबिरी डोळे पुसत होते. कोणीतरी हसता हसता बाकावरून पडलं.

एकजणही मागे वळला नाही. मेजाच्या टोकाला फक्त ओब्दुलिया हसत नव्हती. ती खुर्चीमागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे एकटक बघत होती.

पुढचं वाक्य कागदावर समोर होतं, पण एलादिओच्या तोंडातून येईना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं नटाला वाक्य दिलं नाही.

"पुढे?" बाल्दोमेरो दातांतून म्हणाला. "पुढे काय, म्हाताऱ्या?"

"पुढे काही नाही," ओब्दुलिया टोकावरून स्वच्छ म्हणाली. "बस खाली."

"पुढे काही नाही! बस खाली!" बाल्दोमेरो दोन्ही हात पसरून गरजला, आणि बसला. टाळ्या पुलापलीकडे ऐकू गेल्या असतील.

नवरा-बायको चालत घरी निघाली. पुलाखाली वाळूत चादरी वाळत होत्या आणि त्यांच्यामधून नदी म्हणवणारं काहीतरी वाहत होतं. ओब्दुलिया कठड्याशी थांबली.

"चादरींचं वाक्य माझं होतं," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात बोलले होते मी तुला. आठवतं? ज्यावर सगळं माद्रिद हसलं ते तुझ्या घरातच पडलं होतं. तू म्हणालास, तू सदरे बघ."

त्याला आठवलं.

"ते जाऊ दे. मला टाळ्या नको होत्या. पण एकतीस वर्षं सगळ्या गाढवांना तू बोलतं केलंस, एलादिओ. मी वर उभी होते. तुझं एवढंसं नाव का नाही निघालं तुझ्या तोंडून?"

एलादिओनं तोंड उघडलं. खाली धोबिणी कपडे बडवत होत्या. तो तसाच उघड्या तोंडानं उभा राहिला. त्याला वाक्य पुरवायला खाली कोणी बसलेलं नव्हतं.